जपान कायमचं सोडताना : शेवटचे प्रवास, निरोप आणि मधली धावपळ

जपान सोडायचं ठरलं की बहुतेक मराठी घरांत एक यादी तयार होते. होक्काइदो राहिलं, ओकिनावा राहिलं, आई-बाबा आले होते तेव्हा हिरोशिमाला जायचं होतं ते राहिलं, फुजी चढायचा तर दरवर्षीच राहिला. मग शेवटचे शनिवार-रविवार शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) जातात, बाकीचे दिवस खोकी भरण्यात. आणि ज्या माणसांमुळे इथलं राहणं सोपं झालं, त्यांना विमानतळावरून लाइन या मेसेजिंग ॲपवर एक स्टिकर जातो.

माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करावा. माणसं आधी, मग रोजच्या वावरातल्या जागा, आणि लांबची प्रेक्षणीय स्थळं सगळ्यांत शेवटी, जमली तर. यामागे हळवेपणापेक्षा तिकिटांचा हिशेब जास्त आहे. तो पुढे मांडलाय. पहिल्यांदाच एखादा देश सोडून निघणाऱ्यांसाठी हा लेख आहे, म्हणून कागदपत्रांचंही त्या-त्या ठिकाणी सांगत जाईन.

तीन तारखा आधी लिहा

नोकरीचा शेवटचा दिवस, घराची किल्ली परत करण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस. तिन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका. नोकरी संपल्यावर किमान दोन आठवडे हाताशी राहतील असं बघा. शिल्लक पगारी रजा शेवटच्या दिवसाआधी वापरता येते. एरवी रजा मागताना संकोचणारे जपानी सहकारीसुद्धा नोकरी सोडताना उरलेली रजा बिनदिक्कत संपवतात, तेव्हा तुम्हीही लाजू नका.

कामाचा व्हिसा नोकरी संपली त्या दिवशी आपोआप रद्द होत नाही. मात्र कंपनी सोडल्याचं इमिग्रेशनला १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं. ते ऑनलाइनही होतं. ज्या कामासाठी व्हिसा दिला ते काम योग्य कारणाशिवाय तीन महिने किंवा त्याहून जास्त बंद असेल, तर व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे राजीनामा देऊन सहा महिने देश पालथा घालायचा बेत असेल तर तो सोडून द्या. तीन-चार आठवड्यांत बरंच काही होतं.

विमानाच्या तारखेत आणखी एक मेख आहे. रहिवासी कर (जूमिनझेई) १ जानेवारीला तुमचा पत्ता कुठे होता यावर ठरतो. त्या दिवशी तुम्ही जपानचे रहिवासी असाल, तर आदल्या वर्षाच्या कमाईवरचा कर लागू होतो, मग तुम्ही ५ जानेवारीला निघा नाहीतर जूनमध्ये. करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के म्हणजे रक्कम लहान नाही. वर्षअखेरीस निघायचं असेल आणि तारीख तुमच्या हातात असेल, तर ३१ डिसेंबरच्या अलीकडचं विमान घ्या. जानेवारी ते मे या काळात नोकरी सोडली तर आधीच्या वर्षाच्या कराचे उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकरकमी कापले जातात. तो पगार नेहमीएवढा येईल असं धरून प्रवासाचं आरक्षण करू नका.

मार्च महिना शक्यतो टाळा. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, अर्धा देश घर बदलत असतो, सामान हलवणाऱ्यांचे दर चढतात, जुनं सामान उचलायला नगरपालिकेची तारीख मिळत नाही. साकुरा (चेरी) फुललेला असताना निघावं हे छानच, पण टोकियोतला साकुरा मार्चअखेरीस असतो आणि उत्तरेला हिरोसाकीचा एप्रिलच्या शेवटी. एप्रिलअखेर निघालात तर गर्दी ओसरलेली असते आणि फुलंही मिळतात. फक्त २९ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या गोल्डन वीकच्या, म्हणजे सुट्ट्यांच्या आठवड्याच्या, आधी निघा.

राहिलेल्या जागांची यादी : काय आत्ता, काय नंतर

आता तो हिशेब. जपान रेल पास परदेशी नागरिकाला मिळतो तो अल्पकालीन पर्यटक म्हणून आला असेल तरच. रेसिडेन्स कार्ड असलेल्या आपल्यासारख्यांना मिळत नाही. म्हणजे टोकियोहून हाकाताला जाऊन वाटेत हिमेजी, ओकायामा, हिरोशिमा बघत यायचं असेल, तर आज प्रत्येक तिकिटाचे सुटे पैसे मोजायचे, आणि दोन वर्षांनी पर्यटक म्हणून आलात तर तोच प्रवास एका पासात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला, त्यामुळे नुसत्या क्योतोसाठी तो आता परवडत नाही. जाऊन-येऊन तिकीट साधारण २८,००० येनांत होतं. लांब पल्ल्याला मात्र अजूनही फायदा आहे. म्हणून लांबची आणि प्रसिद्ध ठिकाणं बिनधास्त 'पुढच्या खेपेला' या खान्यात टाका. ती कुठे जात नाहीत. पुढच्या खेपेला पर्यटक व्हिसा काढावा लागेल एवढंच.

आत्ता करायचे प्रवास वेगळे.

पहिला, ज्यांना काळवेळ आहे असे. फुजीवर जायचा मोसम जुलैच्या सुरुवातीपासून १० सप्टेंबरपर्यंत. २०२५ पासून सगळ्या वाटांवर ४,००० येन शुल्क आहे आणि आधी नोंदणी करून ठेवलेली बरी. आओमोरीचा नेबुता उत्सव २ ते ७ ऑगस्ट, तोकुशिमाचा आवा ओदोरी नृत्योत्सव १२ ते १५ ऑगस्ट. तुमचा मुक्काम यांतल्या कशाला लागून असेल तर एक निवडा. दोन निवडलेत तर ऑगस्टच्या उकाड्यात दुसऱ्याला तुम्ही फक्त हजेरी लावाल.

दुसरा, सावकाशीचा प्रवास, जो पर्यटक म्हणून कधीच होत नाही कारण पर्यटकाचा वेळ मोजून मापून असतो. सेइशुन १८ किप्पू हे तिकीट नावात अठरा असलं तरी कुठल्याही वयाला चालतं, रहिवाशांनाही. वसंत, उन्हाळा आणि हिवाळा अशा तीन हंगामांत मिळतं, जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या साध्या आणि जलद लोकल गाड्यांना चालतं, शिनकानसेनला नाही. २०२४ च्या हिवाळ्यापासून नियम बदलले : सलग ३ दिवसांचं १०,००० येन, सलग ५ दिवसांचं १२,०५० येन, आणि एका तिकिटावर एकच माणूस. पूर्वी एक तिकीट चौघांत वाटून घेत. ती मजा गेली. तरी दुपारच्या रिकाम्या दोन डब्यांच्या गाडीत, शाळेतून घरी निघालेल्या पोरांबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने जाणं याला तोड नाही.

रात्रीच्या प्रवासाची हौस असेल तर टोकियोहून सुटणारी सनराइज सेतो-इझुमो आहे. रोज रात्री निघते, ओकायामाला दोन भाग होतात, एक ताकामात्सूला जातो आणि दुसरा इझुमोला. नोबिनोबी नावाची गालिचावर पाय पसरून झोपायची जागा सगळ्यांत स्वस्त, म्हणून लगेच संपते. जेआरची आरक्षणं एक महिना आधी सकाळी १० वाजता उघडतात; कॅलेंडरवर तो दिवस मांडून ठेवा.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा : कुणा सहकाऱ्याने किंवा मैत्रिणीने 'कधीतरी आमच्या गावी या' असं म्हटलं असेल, तर तो प्रवास. अशी आमंत्रणं इथे सहज दिली जात नाहीत. नुसत्या शिष्टाचाराचं आमंत्रण असेल तर तारीख विचारल्यावर ते विरून जातं, काही बिघडत नाही. मनापासून असेल तर निइगाताच्या एखाद्या भातशेतीच्या गावात त्यांच्या आईच्या हातचं जेवण मिळतं, आणि ते कुठल्याच पासवर नाही.

टोकियोच्या आसपास, अर्ध्या दिवसात होणाऱ्या आणि आपल्याला जवळच्या वाटाव्यात अशाही जागा आहेत. असाकुसाच्या गर्दीपासून थोडं चालत गेलं की मात्सुचियामा शोदेन लागतं. तिथलं दैवत कांगितेन म्हणजे आपले गणपतीच. मूर्ती लोकांना दाखवत नाहीत, आणि मोदकाऐवजी पांढरा मुळा वाहतात. एनोशिमाला बेनझाइतेन म्हणजे सरस्वती; वीणेच्या जागी हातात बिवा. नाकामुराया या शिंजुकूतल्या दुकानाने १९२७ मध्ये विकायला काढलेली भारतीय करी क्रांतिकारक रासबिहारी बोस यांची; त्यांची समाधी तामा स्मशानभूमीत आहे. सुगिनामीतल्या रेंकोजी मंदिराच्या अंगणात नेताजींचा अर्धपुतळा आहे. वर्षानुवर्षं इथे राहून यांतली एकही जागा न बघितलेले खूप जण भेटतात.

शिवाय एक संध्याकाळ आपल्याच स्टेशनाभोवती हिंडा. सुपरमार्केटमध्ये रात्री आठनंतर निम्म्या किमतीचे स्टिकर लावणारा मुलगा, कोपऱ्यावरचं सेंतो (सार्वजनिक स्नानगृह), मुलांना घरी पिटाळणारी पाच वाजताची भोंग्यावरची धून. ती धून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. मुलं लहान असतील तर पुढे ती फोटोंपेक्षा जास्त ओळखतील.

निरोप : कुणाला, कधी, कसा

ऑफिसात पहिल्यांदा वरिष्ठांना सांगायचं, आणि एकट्यात. कायम नोकरीत कायद्याने दोन आठवड्यांची सूचना पुरते, पण कंपन्यांच्या नियमांत बहुधा एक महिना असतो, आणि प्रत्यक्षात दोन महिने आधी सांगणं बरं. बाकीच्यांना कधी सांगायचं हे वरिष्ठ ठरवतात. तोवर शेजारच्या टेबलावरच्या जिवलग मित्रालाही सांगू नका. आपल्याकडे ही लपवाछपवी वाटते. इथे उलट, वरिष्ठांना दुसऱ्याकडून कळलं तर ते मनाला लागतं.

मग सोबेत्सुकाई, म्हणजे निरोपाची पार्टी. उत्सवमूर्तीला सहसा पैसे द्यावे लागत नाहीत. पाकीट काढून हुज्जत घालू नका; एकदा विचारा, 'नको' म्हणाले की वाकून आभार माना. शाकाहारी असाल तर आयोजकाला आधीच नेमकं सांगा. 'मांस नको' एवढ्याने भागत नाही, कारण माशांचा अर्क (दाशी) बहुतेक रश्श्यांत असतो. भाषण करावं लागतंच. दोन मिनिटं पुरेत. सुरुवातीला आणि शेवटी 'ओसेवा नी नारीमाशिता' (तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत), मध्ये एक-दोन नेमके प्रसंग, नावं घेऊन. पहिल्या आठवड्यात कचऱ्याचं वर्गीकरण ज्याने शिकवलं, किंवा पहिला जपानी ईमेल जिने लाल पेनाने दुरुस्त करून दिला, तिचं नाव घ्या. जपानी मोडकंतोडकं असलं तरी जपानीतच बोला. इथे पाठ केलेल्या उत्तम इंग्रजी भाषणापेक्षा अडखळत बोललेली चार वाक्यं लोकांना आवडतात.

शेवटच्या दिवशी आपण खाऊ वाटायचा असतो. यासाठी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात काशीओरीचे डबे मिळतात. निवडताना बघा : प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात हवा, फ्रिज न लागता टिकणारा हवा, आणि माणसांपेक्षा पाच-सहा नग जास्त हवेत, कारण त्या दिवशी रजेवर असलेल्यांसाठी एक-एक टेबलावर ठेवायचा असतो. घरून आलेली चिक्की द्यायची हौस असेल तर 'यात शेंगदाणे आहेत' अशी चिठ्ठी लावा. जपानमध्ये पाकिटावर छापणं सक्तीचं असलेल्या ॲलर्जीकारक पदार्थांत शेंगदाणा आहे, आणि लोक हा विषय गांभीर्याने घेतात. बदल्यात तुम्हाला शिकिशी मिळेल, म्हणजे सगळ्यांनी गोलगोल लिहिलेला चौकोनी पुठ्ठा, आणि बहुधा फुलांचा गुच्छ. शिकिशी सुटकेसमध्ये मुडपू नये म्हणून एक कडक फाइल जवळ ठेवा. फुलं घरी जाताना शेजाऱ्यांना द्या.

कुणी पैशांचं पाकीट दिलं तर ते सेनबेत्सु, म्हणजे निरोपाची भेट. त्याची लगेच परतफेड अपेक्षित नसते, ती केली तर उलट देणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. पोचल्यावर पत्र पाठवायचं. आपण कुणाला भेट देणार असू तर कंगवा आणि हातरुमाल टाळा. जुन्या वळणाची माणसं ते अशुभ मानतात.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर खोली-खोलीच्या इमारतीत, जिथे कोण कुठे राहतं हेच माहीत नसतं, तिथे कुणी निरोपाची अपेक्षा करत नाही. कुटुंबवस्तीच्या इमारतीत किंवा स्वतंत्र घरांच्या गल्लीत मात्र जायला हवं. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी, दुपारी किंवा संध्याकाळी लवकर, ५०० ते १,००० येनांचा खाऊ किंवा टॉवेल घेऊन. सामान हलवायच्या दिवशी आवाज होईल, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवायची. पाच मिनिटं दारातच उभं राहून बोलणं होतं. आत या म्हणतील अशी वाट बघू नका.

मुलांच्या शाळेला महिनाभर आधी कळवा. वर्गात बहुधा छोटा निरोपसमारंभ होतो, आणि मुलं त्याची तयारी तुमच्यापेक्षा जास्त करतात. सरकारी शाळेतले शिक्षक भेटवस्तू घेत नाहीत; मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र घेतात. शाळेचा दाखला आणि गुणपत्रकं मागून घ्या, शक्य असेल तर इंग्रजीतही. लसीकरणाच्या नोंदी असलेली बोशी तेचो ही छोटी वही हातातल्या सामानात ठेवा. रांदोसेरुचं दप्तर न्यायचं की कुणाला द्यायचं, हे मात्र मुलाला ठरवू द्या.

राहिली आपली मराठी मंडळी. इथे अडचण उलटी असते : प्रत्येक घर जेवायला बोलावतं आणि शेवटच्या पंधरा दिवसांत एकही संध्याकाळ उरत नाही. स्वतःहून एक दिवस जाहीर करा, एखाद्या मोठ्या बागेत, सगळे एकत्र. ज्या दोन-तीन घरांशी खरोखर घरोबा आहे, तिथे वेगळं जा. बाकीच्यांना प्रेमाने नाही म्हणा; त्यांनाही त्या शनिवारी सात भाज्या करायच्या नसतातच.

सगळ्यांत सहज राहून जातात ती ओळखीची पण नाव माहीत नसलेली माणसं. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाई, भाजीवाले आजोबा, नगरपालिकेच्या वर्गात फुकट जपानी शिकवणाऱ्या स्वयंसेवक आजी. विशेषतः या आजींना आधी कळवा. विद्यार्थी अचानक येईनासा होणं त्यांना नवीन नसतं, म्हणून सांगून जाणारा लक्षात राहतो. वयस्क मंडळींचा लाइनवरचा संपर्क पुरेसा धरू नका, टपालाचा पत्ता कागदावर लिहून घ्या. नववर्षाचं कार्ड पाठवायला तोच लागतो. आणि जपानी फोन नंबर बंद होण्याआधी लाइनच्या खात्याला ईमेल आणि पासवर्ड जोडा, नाहीतर पुढे फोन बदलताना सगळे संपर्क जाण्याची भीती असते.

सामान आणि घर

हे लवकर आटोपतो, कारण यात भावना कमी आणि नियम जास्त.

करार वाचा, घर सोडण्याची सूचना बहुधा एक महिना आधी लेखी लागते, काही करारांत दोन. एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन मोठ्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार पुनर्वापराचं शुल्क भरून ती वेगळी द्यावी लागतात. म्हणून चालू स्थितीत कुणाला देऊन टाकणं सगळ्यांत स्वस्त. सोफा, पलंग, गादी यांच्यासाठी सोदाई गोमीची (मोठ्या कचऱ्याची) तारीख घ्यायची, कॉन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातून, स्टिकर आणून चिकटवायचे. टोकियोच्या २३ वॉर्डांत ते २०० आणि ३०० येनांचे असतात. तारीख तीन-चार आठवडे आधी मागा. सायोनारा सेलची (निघण्याआधी सामान विकण्याची) यादी ग्रुपवर टाकताना 'कधी उचलायचं' हे किमतीच्या आधी लिहा, कारण फ्रिज आणि गादी तुम्हाला शेवटच्या रात्रीपर्यंत लागणार. सायकल दिलीत तर पोलिसांकडची चोरीविरोधी नोंदणी रद्द करा आणि घेणाऱ्याला दिल्याची चिठ्ठी लिहून द्या. नाहीतर रस्त्यात अडवला जाईल तो, आणि फोन येईल तुमच्या बंद झालेल्या नंबरवर.

राइस कुकर न्यायचा मोह आवरा. जपानात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. यंत्रावरच्या लेबलवर दोन्ही आकडे छापलेले नसतील तर ते यंत्र ट्रान्सफॉर्मरशिवाय जळेल. लॅपटॉप-फोनचे चार्जर बहुधा दोन्हीवर चालतात.

किल्ली देताना घराची तपासणी होते. उन्हाने तातामीचा (जमिनीवरच्या चटयांचा) रंग उडणं, फर्निचरचे वळ, पोस्टरच्या टाचण्यांची भोकं ही नेहमीची झीज मानली जाते आणि तिचा खर्च घरमालकाचा. बांधकाम मंत्रालयाची मार्गदर्शिका तसं सांगते आणि एप्रिल २०२० पासून नागरी कायद्यातही ते आलंय. स्क्रूची भोकं आणि न पुसलेला तेलकट थर मात्र आपल्या माथी. फोडण्यांनी माखलेला स्वयंपाकघरातला पंखा आणि मागची भिंत आधीच घासून घ्या. तपासणीच्या कागदावर न समजलेल्या ओळीखाली सही करू नका. फोटो काढून 'विचारून कळवतो' म्हणा.

शेवटचे चौदा दिवस

निघण्याच्या आधीच्या १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन परदेशी स्थलांतराची नोंद (तेनशुत्सु तोदोके) करायची. राष्ट्रीय आरोग्य विमा असेल तर त्याचा हिशेब तिथेच मिटवायचा, आणि माय नंबर या सरकारी ओळखक्रमांकाच्या कार्डाचीही विचारणा करायची. कार्ड दाखवण्याआधी नंबर लिहून ठेवा, पुढे लागू शकतो. दाताचं काम अर्धवट असेल तर विमा असेपर्यंत उरका. कंपनीचा विमा नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नसतो. मधल्या भटकंतीच्या आठवड्यांत पाय मुरगळला तर पंचाईत, म्हणून त्या काळाचा विमा वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या.

यानंतर एक विश्वासू माणूस लागतो, जो जपानातच राहणार आहे. दोन कामांसाठी. एक म्हणजे टपाल : जपान पोस्ट जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभर दुसरीकडे वळवतं, पण फक्त देशांतर्गत पत्त्यावर. दुसरं म्हणजे नोझेई कानरिनिन, म्हणजे तुमच्या वतीने कर भरणारा आणि परतावा घेणारा प्रतिनिधी. तसा फॉर्म कर कार्यालयात द्यायचा. हे काम मागताना चहावर सहज मागू नका. काय येईल, केव्हा येईल, किती वेळ जाईल हे लिहून द्या.

बँकेला जाण्याचं कळवा. बऱ्याच बँका अनिवासी झाल्यावर खातं चालू ठेवू देत नाहीत. शेवटचा पगार, अनामत आणि विजेचं शेवटचं बिल यांच्या तारखा बघूनच बंद करा. कंपनीकडून गेनसेन चोशूह्यो (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय निघू नका. नंतर मागवायला जपानीत फोन करायचा धीर लागतो.

विमानतळाचा दिवस

मोठ्या बॅगा ताक्क्यूबिनने (घरपोच सामान सेवेने) दोन-तीन दिवस आधी विमानतळावर पाठवा, म्हणजे शेवटच्या सकाळी एका पाठपिशवीनिशी निघता येतं. सुइका हे रेल्वेचं प्रीपेड कार्ड परत करायचं तर जेआर ईस्टच्या काउंटरवर. ५०० येन अनामत मिळते, पण शिल्लक रकमेतून २२० येन कापतात. म्हणून शिल्लक कॉन्बिनीत संपवून शून्यावर आणा आणि मग द्या. किंवा ठेवूनच घ्या, पुन्हा येणार असाल तर. दहा वर्षं न वापरल्यास कार्ड बाद होतं.

इमिग्रेशनच्या रांगेत 'पुन्हा प्रवेश' असा रकाना असलेला कागद दिला तर त्यावर खूण करू नका. कायमचे निघालो आहोत हे अधिकाऱ्याला तोंडी सांगा आणि रेसिडेन्स कार्ड द्या. त्यावर भोक पाडून ते निकामी करतात. पेन्शनच्या अर्जासाठी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आधीच काढलेला असू द्या.

परतल्यावर

पेन्शनचे पैसे परत मिळवायचे (दात्ताइ इचिजिकिन) तर किमान ६ महिने हप्ते भरलेले हवेत, आणि जपानचा पत्ता सुटल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. हप्ते १० वर्षांचे झाले असतील तर हा परतावा नाही, पुढे रीतसर पेन्शन. परताव्यात धरली जाणारी मर्यादा सध्या ५ वर्षांची आहे, म्हणून सात-आठ वर्षं राहिलेल्यांनी घाई करू नये. ऑक्टोबर २०१६ पासून भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र मोजता येतात; एकदा परतावा घेतला की जपानची वर्षं पुसली जातात. पुन्हा जपानला जाण्याची शक्यता असेल तर दोन वर्षांची मुदत विचारासाठी वापरा.

नोकरदारांच्या पेन्शनच्या परताव्यातून २०.४२ टक्के आयकर आधीच कापून रक्कम येते. तो परत मागता येतो, आणि हे काम तुमचा नोझेई कानरिनिन करतो : पेन्शन कार्यालयाकडून आलेली मूळ सूचना तुम्ही त्याला पाठवायची, तो कर कार्यालयात अर्ज भरतो. सेनबेत्सु देणाऱ्यांना आणि जपानीच्या आजींना पत्रं टाकायला जाल, त्याच दिवशी हे पाकीटही रजिस्टर पोस्टाने रवाना करा. कराचा परतावा त्या मित्राच्या खात्यात जमा होतो. तो भारतात पाठवण्याचा खर्च त्यातूनच वळता करून घे, असं त्याला आधीच सांगून ठेवा.